नवा डिस्प्ले लावला तरी स्क्रीन काळीच? मग या क्रमाने तपासा

फुटलेला डिस्प्ले काढला, नवा जोडला, पॉवर बटण दाबून धरले आणि समोर नुसता काळोख. पहिल्यांदाच फोन उघडणाऱ्याच्या पोटात इथे गोळा येतो. बोर्ड (फोनचे मुख्य सर्किट) उडाला, फोन गेला, सगळे फोटो गेले, असे एकापाठोपाठ एक विचार येतात. धीर सोडू नका. काळ्या स्क्रीनमागे मुख्य संशयित तीन असतात: जोडणी, नवा डिस्प्ले आणि बोर्ड. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा फोनमध्ये बहुतेक वेळा दोष जोडणीत निघाला, त्याखालोखाल नव्या डिस्प्लेत. बोर्डाची पाळी शेवटी येते. बऱ्याचदा तर बोर्ड आधी धडधाकट असतो आणि घाबरून केलेल्या खटपटीत जातो.

म्हणून खालच्या पायऱ्या मुद्दाम या क्रमाने लावल्या आहेत. ज्याने काहीच बिघडू शकत नाही ते आधी, फोन पुन्हा उघडून करायचे ते नंतर. मधली पायरी गाळू नका. आणि डिस्प्ले अजून चिकटवला नसेल तर आत्ता अजिबात चिकटवू नका.

हाताशी काय काय हवे

- फोनला बसणारे स्क्रूड्रायव्हर. आयफोनच्या तळाशी पेंटालोब (पाच पाकळ्यांच्या टोकाचा) लागतो, आत फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारखा) आणि आयफोन ७ पासून पुढे ट्राय-पॉइंटही (तीन टोकांचा). बहुतेक अँड्रॉइड फोनचे काम लहान फिलिप्सवर भागते.
- कनेक्टर (डिस्प्ले किंवा बॅटरीची पट्टी बोर्डाला जोडणारा छोटा जोड) उचलायला प्लास्टिकचे पातळ हत्यार. धातूचा चिमटा किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक यासाठी वापरू नका.
- भिंग आणि प्रखर टॉर्च. दुसऱ्या मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही भिंगाचे काम होते.
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश.
- खात्रीचा चार्जर आणि केबल. चार्जिंगचा करंट दाखवणारा यूएसबी मीटर असेल तर उत्तम.
- जुना डिस्प्ले. तो फुटलेला असला तरी फेकू नका, तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार तोच आहे.
- नव्या डिस्प्लेचे बिल, परत करण्याच्या अटी आणि फोनचा पूर्ण मॉडेल क्रमांक.

नव्या डिस्प्लेवरची संरक्षक फिल्म आणि विक्रेत्याने लावलेला स्टिकर, दोन्ही तसेच राहू द्या. फिल्म निघाली किंवा स्टिकर फाटला की बरेच विक्रेते माल परत घेत नाहीत.

१. फोन बंद आहे की फक्त चित्र येत नाही, हे आधी ठरवा

फोन चार्जरला लावून किमान अर्धा तास ठेवा. दुरुस्तीसाठी काही दिवस पडून राहिलेल्या फोनची बॅटरी इतकी उतरलेली असते की तो लगेच सुरूच होत नाही. मग त्याला दुसऱ्या फोनवरून कॉल लावा. रिंग वाजली किंवा थरथर जाणवली तर फोन जिवंत आहे. सिम काढून ठेवले असेल तर रिंग आणि सायलेंटमध्ये बदल करणारी बाजूची कळ हलवून थरथर येते का बघा, किंवा फोन संगणकाला जोडा. संगणकाने नवे उपकरण ओळखल्याचा आवाज दिला की प्रश्न निम्मा सुटला.

यूएसबी मीटर असेल तर आकड्याकडे लक्ष ठेवा. फोन सुरू होत असेल तर तो ओढत असलेला करंट सतत वरखाली होतो. आकडा शून्याच्या आसपासच अडून राहिला तर बॅटरीचा कनेक्टर नीट बसलेला नाही किंवा चार्जिंगच्या बाजूला अडचण आहे. अशा वेळी डिस्प्लेला दोष देण्यात अर्थ नाही.

इथे दोन धोके आहेत. पहिला असा की काळ्या स्क्रीनवरही टच चालू असू शकतो. "काही होतंय का बघू" म्हणून सारखी बोटे फिरवली तर आंधळेपणाने चुकीचा पासकोड टाकला जातो आणि फोन लॉक होतो. आयफोनमध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर माहिती पुसण्याची सोय कोणी चालू ठेवली असेल, तर नुकसान भरून न येणारे असते. दुसरा धोका बटणांचा. आयफोनमध्ये बाजूचे बटण आणि आवाजाचे बटण एकत्र धरून ठेवले तर आणीबाणीचा कॉल लागू शकतो, काही अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण पाच वेळा पटापट दाबले तरी तेच होते. स्क्रीन काळी असल्याने तुम्हाला पत्ताही लागत नाही. काळ्या फोनमधून अचानक भोंग्यासारखा आवाज येऊ लागला तर बटण लगेच सोडा.

२. सक्तीने रीस्टार्ट करा

कधी कधी नवा डिस्प्ले जोडला जातो तेव्हा फोन अर्धवट झोपेत असतो आणि तो डिस्प्ले त्याच्या लक्षातच येत नाही. सक्तीच्या रीस्टार्टने माहिती जात नाही, त्यामुळे हे निर्धास्तपणे करा.

आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडा, कमी करण्याचे दाबून सोडा, मग बाजूचे बटण दाबून धरा. आयफोन ७ मध्ये आवाज कमी करण्याचे आणि पॉवरचे बटण एकत्र धरा, आयफोन ६एस आणि त्याआधी होम आणि पॉवर. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र १० ते २० सेकंद धरावे लागते. स्क्रीन काळी असल्याने लोगोची वाट बघू नका, थरथरीवर लक्ष ठेवा.

३. अंधाऱ्या खोलीत आणि मग टॉर्चखाली बघा

आधी खोलीत अंधार करा. काळी वाटणारी स्क्रीन कधी कधी फक्त फारच मंद असते, कारण प्रकाश मोजणारा सेन्सर झाकला गेलेला असतो आणि फोनने उजेड अगदी कमी केलेला असतो.

त्यानंतरची चाचणी एलसीडी आणि ओएलईडीत वेगळी आहे. एलसीडीत चित्र एक थर तयार करतो आणि उजेड मागून बॅकलाइट देते. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, बॅकलाइट नसतेच. आयफोन एक्सआर, ११ आणि तिन्ही एसई एलसीडीचे आहेत, आयफोन १२ च्या मालिकेतले सगळे ओएलईडीचे. मात्र तुम्ही बसवलेला डिस्प्ले कोणता, हे महत्त्वाचे. मूळ फोन ओएलईडीचा असला तरी बाजारात त्यासाठी स्वस्तातले इनसेल किंवा टीएफटी प्रकारचे डिस्प्ले मिळतात आणि ते एलसीडीच असतात.

एलसीडी असेल तर फोन चालू ठेवून प्रखर टॉर्च काचेवर तिरका धरा. पुसट घड्याळ किंवा आयकॉन दिसले तर चित्र येत आहे, बॅकलाइट पेटत नाही. स्क्रीन काळी असूनही अंधारात हलकी राखाडी चमकत असेल तर उलटे आहे: बॅकलाइट पेटली आहे, चित्र पोचत नाही. हे निरीक्षण लिहून ठेवा. पुढे कारागिराकडे जायची वेळ आलीच तर "लाइट नाही" आणि "ग्राफिक नाही" यातला फरक तुम्हाला सांगता येईल आणि त्याचा बराच वेळ वाचेल.

सहज सुटणारी आणखी एक गोष्ट: फोन चुंबकी मॅटवर ठेवून काम करत असाल तर तो उचलून बाजूला घ्या. फ्लिप कव्हर ओळखण्यासाठी काही फोनमध्ये चुंबक जाणणारा सेन्सर असतो. मॅटच्या चुंबकामुळे त्याला कव्हर मिटलेले वाटते आणि तो स्क्रीन बंदच ठेवतो.

४. आधी बॅटरी सोडवा, मग बाकी सगळे

आता फोन उघडायचा. आत हात घालण्याआधी फोन बंद करा, चार्जर काढा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. डिस्प्लेचा कनेक्टर काढताना आणि लावताना, प्रत्येक वेळी, बॅटरी सुटलेली हवी. "दोन सेकंदांचं तर काम आहे" म्हणून अनेकजण हे टाळतात, आणि नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त बोर्ड जातात ते इथेच.

कारण समजले तर नियम लक्षात राहतो. फोनची बॅटरी साधारण पावणेचार ते साडेचार व्होल्टची. एलसीडीच्या बॅकलाइटमधले दिवे एकामागे एक जोडलेले असल्याने त्यांना बरेच जास्त व्होल्ट लागतात, म्हणून बोर्डावर व्होल्टेज वाढवणारे वेगळे सर्किट असते. हे वाढलेले व्होल्टेज ज्या पिनवर येते तिच्याशेजारी केसभर अंतरावर ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडलेल्या आणि चित्राचे संकेत नेणाऱ्या पिना असतात. वीज चालू असताना कनेक्टर क्षणभर जरी तिरका टेकला तरी शॉर्ट होऊन त्या मार्गावरचा खसखशीच्या दाण्यापेक्षाही छोटा भाग जळतो. त्यानंतर कितीही नवे डिस्प्ले आणले तरी लाइट येत नाही.

बॅटरी सोडवल्यावर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेली वीज उतरते. परत जोडताना डिस्प्ले आधी, बॅटरी शेवटी.

५. कनेक्टर: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

डिस्प्लेची पट्टी जिथे बोर्डाला जोडली जाते तो कनेक्टर अगदी छोटा असतो आणि त्यात पिनांच्या दोन रांगा असतात. वरून पाहिले तर तो बसल्यासारखाच दिसतो, म्हणून भिंगाशिवाय खात्री धरू नका.

कनेक्टर सरळ वर उचला आणि दोन्ही बाजू टॉर्चखाली बघा. दोन्ही रांगांतल्या सोनेरी पिना एका उंचीच्या आणि सारख्या चमकणाऱ्या दिसायला हव्यात. एखादी पिन चपटी झालेली, शेजारणीकडे झुकलेली किंवा काळी पडलेली दिसली तर कारण सापडले. पुष्कळदा याहून साधे काही निघते: जुन्या गोंदाचा तंतू, कापसाचा धागा किंवा कनेक्टरवर राहिलेला पारदर्शक संरक्षक तुकडा. नव्या डिस्प्लेच्या पट्टीवर असा तुकडा कधी कधी असतो आणि तो न काढताच कनेक्टर दाबला जातो. मऊ ब्रशने अल्कोहोल लावून हलक्या हाताने साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा आत जातो.

बसवताना पट्टीला तिच्या नैसर्गिक वळणाने येऊ द्या. कनेक्टर जागेवर नुसता टेकवा, दाबू नका, आणि बोटाने अगदी किंचित इकडेतिकडे हलवा. तो खाचेत आला की हलायचा थांबतो. आता एका टोकाला दाबा, मग दुसऱ्या टोकाला. कपड्याचे टिचबटण लागते तसे बोटाला जाणवते. जाणवले नाही तर जोर वाढवू नका, उचला आणि पुन्हा जागा शोधा. तिरक्या कनेक्टरवर जोर दिला की आतल्या पिना चुरगळतात आणि त्या सरळ करणे नवशिक्याचे काम नाही. बसल्यावर बाजूने बघा, दोन्ही टोकांची फट सारखी हवी.

डिस्प्लेला एकच पट्टी आहे असे गृहीत धरू नका. काही आयफोनमध्ये चित्र, टच आणि पुढचा कॅमेरा यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात. टच चालतो, टाइप केल्याची थरथर येते आणि चित्र तेवढे नाही, असे असेल तर चित्राची पट्टी सुटलेली असू शकते. काही अँड्रॉइड मॉडेलमध्ये डिस्प्ले आणि मुख्य बोर्ड यांच्यामध्ये आणखी एक जोडपट्टी असते. फ्रेमसकट कॉम्बो (काच, टच आणि डिस्प्ले एकत्र) बदलताना ती दोन्ही टोकांनी सुटते आणि एक टोक लावायचे राहून जाते. तिची दोन्ही टोके तपासा, पट्टीवर चिरलेली किंवा करकचून दुमडलेली रेघही शोधा. पट्टीतल्या तारा नखाने दिलेल्या एका घडीनेही तुटतात.

हे सगळे करून डिस्प्ले आणि मग बॅटरी जोडा, फोन उघडाच ठेवून चालू करा. खूप जणांची स्क्रीन इथेच उजळते.

६. जुना डिस्प्ले परत जोडा

अजूनही काळोख असेल तर बॅटरी सोडवून जुना डिस्प्ले तात्पुरता जोडा. तो फुटलेला असला तरी आधी चित्र दाखवत होता ना, मग चालेल. काचेच्या कपच्यांसाठी वरून चिकटपट्टी लावून घ्या.

जुन्यावर चित्र आले तर बोर्ड, बॅटरी आणि कनेक्टर ठीक आहेत. नवा डिस्प्ले सदोष आहे किंवा या फोनला चालणारा नाही. विक्रेत्याला दाखवण्यासाठी आत्ताच एक सलग व्हिडिओ काढा: जुन्यावर चित्र, तोच फोन, मग नव्यावर काळोख. बिल आणि हा व्हिडिओ असला की वादाला जागा कमी राहते.

जुनाही काळाच राहिला तर संशय बोर्डावरच्या कनेक्टरकडे किंवा सर्किटकडे जातो. मात्र जुना डिस्प्ले आधीपासूनच काळा असेल तर या चाचणीतून काहीच ठरत नाही. त्याच मॉडेलचा चालू असल्याची खात्री असलेला दुसरा डिस्प्ले मिळेपर्यंत निष्कर्ष काढू नका.

७. हा डिस्प्ले नक्की याच फोनचा आहे का?

एकाच नावाचे फोन आतून वेगळे असतात. नावातल्या प्रो, प्लस किंवा ५जी अशा शब्दाने डिस्प्ले बदलू शकतो. कनेक्टर अगदी हुबेहूब बसला म्हणजे डिस्प्ले जुळला, असेही नाही. अँड्रॉइड फोन सुरू होताना आपल्याला कोणत्या बनावटीचे पॅनेल जोडले आहे हे ओळखतो आणि त्याप्रमाणे त्याला चालवतो. एकाच मॉडेलमध्ये कंपनीने दोन वेगळ्या पुरवठादारांची पॅनेल वापरलेली असू शकतात. सॉफ्टवेअरला अनोळखी पॅनेल मिळाले तर फोन चालतो, कॉल येतात, पडदा काळाच. सेटिंगमधल्या "फोनविषयी" या भागातला, सिमच्या ट्रेवर किंवा मागच्या कव्हरवर छापलेला मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा आणि जुन्या डिस्प्लेच्या पट्टीवरचा छापील क्रमांक नव्याशी ताडून बघा.

कॉपी डिस्प्लेच्या (मूळ कंपनीचा नसलेल्या) बाबतीत अपडेटचाही विचार करा. २०१८ मध्ये आयओएस ११.३ आल्यावर बाहेरचे डिस्प्ले बसवलेल्या अनेक आयफोन ८ चा टच बंद पडला होता आणि ११.३.१ ने तो परत सुरू झाला. तो टचचा प्रश्न होता, पण सॉफ्टवेअरमुळे चांगला चालणारा भाग अडू शकतो हे त्यातून दिसते. नवे आयफोन बाहेरचा डिस्प्ले बसवल्यावर सेटिंगमध्ये "अनोळखी भाग" अशी सूचना देतात. त्या सूचनेने स्क्रीन काळी होत नाही.

८. उघडा असताना चालतो, बंद केला की काळा

हे लक्षण खरे तर चांगले आहे, कारण भाग सगळे ठीक आहेत आणि त्रास दाबाचा आहे. मिटवताना पट्टी फ्रेमच्या कडेखाली चिमटली जाते का बघा. कनेक्टरवरची धातूची पट्टी लावायची राहिली असेल तर लावा, तिच्या दाबानेच कनेक्टर जागेवर राहतो. फ्रेमच्या कडेला जुन्या गोंदाचे ढेकूळ राहिले असेल तर डिस्प्ले पूर्ण टेकत नाही आणि तुम्ही दाबत राहता. ओएलईडीच्या खालच्या कडेला पॅनेल चालवणारी चिप आणि नाजूक वळण असते, तिथे पडलेल्या जोराने पडदा कायमचा काळा होतो किंवा हिरव्या रेघा येतात.

स्क्रूच्या जागा मात्र फार जपा. आयफोनमध्ये शेजारशेजारचे स्क्रू दिसायला सारखे आणि लांबीला किंचित वेगळे असतात. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी फिरवला तर तो बोर्डाच्या आत घुसून तारा तोडतो. काढतानाच प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या जागेच्या आकृतीत ठेवत चला. बसवताना नेहमीपेक्षा जोर लागला की तिथेच थांबा.

९. थांबायचे कुठे

चालू असल्याची खात्री असलेला डिस्प्लेही काळाच राहिला, कनेक्टरच्या पिना स्वच्छ आणि सरळ आहेत, फोन जिवंत आहे, तर काम आता सूक्ष्मदर्शकाखालचे आहे. हॉट एअर गनने शेकणे, कनेक्टरवर सोल्डर लावणे असले काही करू नका. बोर्डाचे काम करणाऱ्या कारागिराकडे द्या आणि सगळे खरे सांगा: बॅटरी जोडलेली असताना डिस्प्ले लावला होता का, टॉर्चखाली चित्र दिसते का, स्क्रू बदलले असण्याची शक्यता आहे का. लपवल्याने दोष शोधायला वेळ लागतो आणि तुमचाच खर्च वाढतो.

संगणकाला जोडून "रिस्टोअर" किंवा फॅक्टरी रीसेट करून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने फोनमधली सगळी माहिती पुसली जाते आणि कनेक्टर किंवा बॅकलाइटचा दोष जिथल्या तिथे राहतो. माहिती महत्त्वाची असेल तर जुन्या, फुटक्या का होईना, चित्र देणाऱ्या डिस्प्लेवर फोन उघडून आधी बॅकअप घ्या. टच गेला असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनना ओटीजी अडॅप्टरने (यूएसबी उपकरणे फोनला जोडणाऱ्या छोट्या जोडाने) माउस जोडता येतो.

१०. चित्र आले की लगेच चिकटवू नका

फोन उघडाच ठेवून ही तपासणी करा: आयकॉन बोटाने ओढून स्क्रीनच्या सगळ्या कोपऱ्यांत फिरवा, उजेड किमान ते कमाल करून बघा, पांढरे पान उघडून डाग किंवा रेघा शोधा. एक कॉल लावा. कॉल लागताच स्क्रीन काळी होऊन परत येत नसेल तर कानाजवळचा सेन्सर फिल्मखाली झाकला गेला आहे किंवा त्याची पट्टी नीट बसलेली नाही. स्क्रीनखालचा बोटाचा ठसा तपासा, मूळ ओएलईडीच्या जागी टीएफटी डिस्प्ले बसवल्यास तो चालत नाही. फोन लॉक करून पाच-सात वेळा उघडा, कारण सैल कनेक्टर पहिल्यांदा चित्र देतो आणि नंतर दगा देतो.

मग एक रात्र तो रबरबँड लावून न चिकटवताच ठेवा आणि सकाळी पुन्हा तपासा. सगळे ठीक असेल तर फ्रेम अल्कोहोलने पुसून गोंदाची पट्टी लावा. फोन आता मूळच्यासारखा पाण्यापासून सुरक्षित राहिलेला नाही असे समजून वापरा. जुना डिस्प्ले आणि बिल परतीची मुदत संपेपर्यंत एकाच पाकिटात ठेवा.